हात सोडण्याआधी

कवीने विमानाबद्दल बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्रांशी माझा संबंध सायकलची उतरलेली चेन बसवण्यापुरता. पण गेली काही वर्षे एका विषयाने मला धरून ठेवले आहे. अमेरिकेत, आणि थोड्याफार प्रमाणात इतर देशांतही, काही माणसे घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधतात. खेळण्यातले नव्हे, आत बसून उडायचे. ते उडू लागले की पुष्कळजण त्यात ऑटोपायलट बसवतात. ज्या विमानाचा एकेक रिव्हेट आपण ठोकला, ते विमान घटकाभर एका यंत्राच्या हवाली करतात. हवाली करण्यापूर्वी त्या यंत्राची जी परीक्षा घेतली जाते, ती मला फार मोलाची वाटते. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसांचे जीवही गेले आहेत. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

आधी हे घरगुती विमान म्हणजे काय ते पाहू. राइट बंधूंनी १९०३ साली उडवलेले विमान एका अर्थाने घरगुतीच होते. सायकली विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी ते आपल्या हातांनी केले होते. पुढे विमानांचे कारखाने निघाले, नियम झाले, परवाने आले. तरी घरी विमान बांधणाऱ्यांची जात काही संपली नाही. १९५३ साली मिलवॉकी शहरात पॉल पोबरेझ्नी या वैमानिकाने अशा हौशी मंडळींची संघटना काढली. 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' हे तिचे नाव. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी १९७० पासून उन्हाळ्यात तिचा मेळा भरतो. तिथे हजारो विमाने उतरतात, पंखाच्या सावलीत तंबू पडतात. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जत्रेची किंवा उरुसाची आठवण व्हावी, असा तो प्रकार.

अमेरिकेचा कायदा या लोकांना दोन अटी घालतो. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे, आणि ते शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेले असावे. कायद्याच्या रुक्ष भाषेत 'शिक्षण' आणि 'करमणूक' हे शब्द एकमेकांशेजारी बसलेले पाहून मला बरे वाटले. बदल्यात विमानात एक पाटी लावावी लागते. हे विमान हौशी माणसाने बांधले आहे आणि नेहमीच्या विमानांसाठी असलेले सुरक्षेचे नियम याला लागू झालेले नाहीत, असे ती प्रवाशाला सांगते. सुरुवातीचा काळ, बहुधा २५ ते ४० तास, ठरवून दिलेल्या हद्दीतच चाचणीसाठी उडायचे, प्रवासी घ्यायचा नाही. थोडक्यात, मोकळीक आहे, पण जबाबदारी तुमची.

आता प्रश्न असा की ज्याला उडवण्याची एवढी हौस, त्याला ऑटोपायलट कशाला हवा? गंमत म्हणून विमान बांधायचे आणि ती गंमत यंत्राच्या हाती द्यायची, हे कसे?

याचे उत्तर ढगात आहे. जमिनीवर आपण डोळे मिटले तरी तोल कळतो, असे आपल्याला वाटते. आकाशात ते खरे नसते. क्षितिज दिसेनासे झाले की कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय फसवू लागते. विमान हळूहळू एका बाजूला कलत जाते आणि आत बसलेल्याला वाटते, आपण सरळच चाललो आहोत. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ यंत्रे पाहून उडण्याचा सराव नसलेल्या वीसजणांना, बाहेरचे दिसणार नाही अशी व्यवस्था करून, हवेत विमान चालवायला दिले. सोबत अर्थातच जाणकार वैमानिक होता. वीसपैकी वीसजणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

घरगुती विमानाचा मालक बहुधा एकटा उडतो. नकाशा पाहणे, रेडिओवर बोलणे, इंधनाचा हिशेब करणे, सगळे त्यालाच. अशा वेळी अचानक ढग आडवा आला, तर पंख सपाट ठेवणारा एक साधा यांत्रिक मदतनीस जीव वाचवू शकतो. म्हणून हा खटाटोप.

ही कल्पना पहिल्यांदा ज्याने जगासमोर उडवून दाखवली, तोही मुळात घरी विमान बांधणारा पोरगाच होता. त्याचे नाव लॉरेन्स स्पेरी. जन्म १८९२ चा. वडील एल्मर स्पेरी नामांकित संशोधक. जहाजांसाठी जायरोस्कोपवर चालणारे होकायंत्र करणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे. लॉरेन्सने किशोरवयात ब्रुकलिनमधल्या राहत्या घरात विमान बांधायला घेतले. ते बाहेर काढताना घराची खिडकी उखडावी लागली, असे सांगतात. आईवडिलांना काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही घरातल्या थोरांना करता येईल.

जायरोस्कोप म्हणजे काय, हे आपल्याला भोवऱ्यावरून चटकन समजेल. थांबलेला भोवरा आडवा पडतो. जोरात फिरणारा मात्र एका आरीवर उभा राहतो आणि इतका स्थिर होतो की झोपल्यासारखा वाटतो. त्याला बोटाने ढकलले तरी तो आपला आस सहजासहजी सोडत नाही. विमान कितीही डोलले तरी आतला फिरता भोवरा आपली दिशा धरून राहणार. मग भोवरा आणि विमान यांच्यात जो फरक पडेल, तेवढे विमान कलले आहे असे समजायचे, आणि तेवढ्याच मापाने पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या फिरवून ते सरळ करायचे. स्पेरी पितापुत्रांनी असे चार भोवरे एका पेटीत बसवले. पेटीचे वजन सुमारे ४० पौंड, म्हणजे जेमतेम १८ किलो.

१८ जून १९१४. पॅरिसजवळ सीन नदीच्या काठी विमानसुरक्षेची स्पर्धा भरली होती. लॉरेन्स २१ वर्षांचा. पाण्यावर उतरणारे कर्टिस विमान, आणि सोबतीला एमिल काशँ नावाचा फ्रेंच मेकॅनिक. परीक्षकांसमोरून विमान सखल उडत आले, तेव्हा लॉरेन्सने दोन्ही हात वर केले. विमान सरळ चालले होते. दुसऱ्या फेरीला काशँ आपली जागा सोडून पंखावर चालत गेला. त्याच्या वजनाने पंख खाली जायला हवा होता. विमान क्षणभर कलले आणि आपणहून सावरले. तिसऱ्या फेरीला काशँ एका पंखावर, लॉरेन्स दुसऱ्या पंखावर, आणि चालकाची जागा रिकामी. काठावरच्या लोकांनी काय जल्लोष केला असेल! बक्षीस होते ५० हजार फ्रँक.

या प्रसंगाचे वर्णन पुष्कळ ठिकाणी येते आणि बहुतेकजण त्या वर केलेल्या हातांपाशीच थांबतात. मला मात्र त्याआधीचे वर्ष महत्त्वाचे वाटते. १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टच्या तळ्यावर आणि नंतर कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला लॉरेन्स त्या पेटीच्या चाचण्या घेत होता. चढायचे, यंत्र जोडायचे, पाहायचे, उतरायचे, फेरफार करायचे, पुन्हा चढायचे. पॅरिसमध्ये हात वर झाले ते या फेऱ्यांच्या जोरावर.

त्या स्पर्धेनंतर सहा आठवड्यांच्या आत महायुद्ध पेटले. वैमानिकाचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या त्या यंत्राकडे लष्कराची नजर गेली. ज्या विमानाला चालक लागत नाही, त्यात स्फोटके भरून ते शत्रूवर सोडता येईल की! १९१८ च्या मार्चमध्ये लाँग आयलंडवर स्पेरींचे माणूसविरहित विमान सुमारे हजार यार्ड उडाले. ती उडत्या बॉम्बची चाचणी होती. युद्ध संपेपर्यंत ते हत्यार वापरात आले नाही, पण आज जी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन आपण बातम्यांत पाहतो, त्यांच्या वंशावळीत ही पेटी येते. एकाच भोवऱ्याची ही दोन लेकरे.

लॉरेन्स स्वतः १३ डिसेंबर १९२३ रोजी आपल्या एका छोट्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि पोचला नाही. विमान पाण्यात सापडले, देह पुढच्या महिन्यात मिळाला. एकतिसावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता.

दहा वर्षांनी ऑटोपायलटची आणखी मोठी परीक्षा झाली. वायली पोस्ट हा ओक्लाहोमाकडचा वैमानिक. तेलाच्या विहिरीवर काम करताना झालेल्या अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. १९३१ मध्ये त्याने हॅरोल्ड गॅटी या मार्गदर्शकासह पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. जुलै १९३३ मध्ये तो 'विनी मे' या विमानातून एकटाच निघाला. गॅटीच्या जागी आता स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट होता. ७ दिवस आणि सुमारे १९ तासांत त्याने जगाला फेरी मारली. एकट्याने हे करणारा तो पहिला.

पण तपशील पाहिला तर हा त्या यंत्राचा निर्भेळ विजय नव्हता. बर्लिनला ऑटोपायलट दुरुस्त करावा लागला, मॉस्कोला पुन्हा, इर्कुट्स्कला आणखी एकदा. वाटेत यंत्र बंद पडे तेव्हा थकलेला पोस्ट स्वतः चालवी, यंत्र चाले तेव्हा थोडी विश्रांती घेई. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. तो बोटाला दोरीने एक पाना बांधून हातात धरी. डुलकी लागली की हात सैल पडे, पाना खाली पडे, बोटाला हिसका बसे आणि तो जागा होई. एका बाजूला त्या काळातला सर्वांत आधुनिक ऑटोपायलट आणि दुसऱ्या बाजूला दोरीला लटकलेला पाना! मला या जोडीत मोठा शहाणपणा दिसतो. यंत्रावर भरवसा टाकायचा, पण स्वतःला जागे ठेवण्याची सोयही करून ठेवायची.

पुढे ऑटोपायलट सुधारत गेला. सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे एक चार इंजिनांचे विमान न्यूफाउंडलंडहून इंग्लंडला आले. उड्डाणापासून उतरण्यापर्यंत सारे आपोआप झाले. मोठ्या विमानांत ऑटोपायलट ही नेहमीची गोष्ट झाली. आणि नेहमीची गोष्ट झाली की तिच्याकडे दुर्लक्ष होऊ लागते.

माझे मामू एसटीत ड्रायव्हर होते. रातराणी घेऊन जात आणि सकाळी घरी परतत. ते म्हणायचे, घाटात झोप येत नाही, झोप येते सरळ रस्त्यावर. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री फ्लोरिडात जे घडले ते वाचताना मला मामूंचे हे बोलणे आठवते. ईस्टर्न एअरलाइन्सचे उड्डाण क्रमांक ४०१ मायामीला उतरत होते. विमान नवे, त्या काळचे अत्याधुनिक. पुढचे चाक खाली आल्याचा दिवा लागेना. वैमानिकांनी दोन हजार फुटांवर ऑटोपायलट लावला आणि सगळे त्या दिव्यामागे लागले. बल्ब गेलेला होता, एवढेच. दरम्यान कुणाचा तरी नकळत दांड्याला धक्का लागला असावा, आणि उंची धरून ठेवण्याचे ऑटोपायलटचे काम सुटले. विमान हलकेच खाली येऊ लागले. रात्र काळोखी, खाली एव्हरग्लेड्सची निर्जन दलदल, त्यामुळे बाहेर पाहूनही काही कळण्यासारखे नव्हते. लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. १७६ पैकी शंभरावर माणसे गेली. चौकशीचा निष्कर्ष असा की उड्डाणाच्या शेवटच्या चार मिनिटांत यंत्रांवर लक्ष ठेवायला कुणीच नव्हते.

यंत्र मोडले नव्हते. ते कोणते काम करते आहे आणि कोणते सोडून दिले आहे, हे माणसांना कळले नव्हते. ऑटोपायलटच्या साऱ्या परीक्षेचा गाभा इथे आहे.

हौशी मंडळींना या काळात ऑटोपायलट परवडणारा नव्हता. यांत्रिक जायरोस्कोप महाग आणि नाजूक. तरीही १९८६ साली याच हौशी परंपरेतून एक अचाट विमान उडाले. घरी बांधायच्या विमानांचे आराखडे करण्यात बर्ट रुटान या अभियंत्याची ख्याती होती. त्याने 'व्हॉयेजर'चा आराखडा केला. कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे ते बांधले गेले, त्यात स्वयंसेवकांचा मोठा हात होता. बर्टचा भाऊ डिक रुटान आणि जीना यीगर १४ डिसेंबरला निघाले आणि वाटेत कुठेही न उतरता, इंधन न भरता, जग फिरून २३ डिसेंबरला परतले. ९ दिवस, ३ मिनिटे, ४४ सेकंद. जवळजवळ ३४ मीटर लांबीचे लवचीक पंख, निघताना विमानाच्या वजनाचा बहुतेक भाग म्हणजे इंधनच. असे विमान हातांनी सतत सांभाळणे दोन माणसांना नऊ दिवस झेपणारे नव्हते. तिथे ऑटोपायलट चैनीची वस्तू नव्हता, तिसरा सोबती होता. ते विमान नंतर वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेले.

त्यानंतर दोन गोष्टी स्वस्त झाल्या आणि चित्र पालटले. एक, उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा. सर्वसामान्यांसाठी तिच्या अचूकतेवर अमेरिकी सरकारने ठेवलेली आडकाठी मे २००० मध्ये उठली. दोन, नखाएवढ्या चिपमध्ये मावणारे जायरोस्कोप, म्हणजे न फिरणारे भोवरे. स्पेरींची १८ किलोंची पेटी हाताच्या तळव्यावर मावू लागली. गॅरेजमधल्या माणसाला ऑटोपायलट विकत घेऊन स्वतः बसवता येऊ लागला.

तर आता आपण त्या गॅरेजमध्ये जाऊ.

ऑटोपायलटचा मेंदू समोरच्या फळीवर बसतो. त्याचे हात म्हणजे सर्व्हो मोटरी. एक मोटर पंख डावी-उजवीकडे कलवणाऱ्या यंत्रणेला जोडायची, दुसरी नाक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला. मोटरीला छोटा आडवा हात असतो, त्याला दांडी, आणि ती दांडी विमानाच्या मूळ जोडणीला. म्हणजे वैमानिक स्टिक हलवतो तेव्हा मोटरही फिरते आणि मोटर फिरते तेव्हा स्टिकही हलते. दोघांच्या हाती एकच लगाम.

इथे पहिली धास्ती. स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना मोटरीचा आडवा हात आणि दांडी कधीही एका सरळ रेषेत येता कामा नयेत. तसे झाले तर जोड पलटी खातो आणि स्टिक एका बाजूला अडकून बसते. जमिनीवर हा अडकलेला जोड पाना घेऊन सोडवता येतो. हवेत नाही. म्हणून बांधणारा माणूस स्टिक हळूहळू चारी कोपऱ्यांत नेतो आणि दुसऱ्या कुणाला तरी बॅटरी घेऊन जोडापाशी पाहायला बसवतो. शंभरदा नेतो. मग नट सुटू नयेत म्हणून त्यांना कुलूप लावतो. दिशा ओळखणारा चुंबकीय भाग लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवतो. यंत्राला उंची कळते ती हवेच्या दाबावरून, म्हणून त्या नळ्यांत गळती नाही ना, हेही तपासतो.

याच मोटरीत मला आवडलेली एक वस्तू असते. काही बनावटींत तिच्या हाताला एक स्क्रू मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. मोटर अडकली आणि वैमानिकाने जोर लावला, तर तो स्क्रू तुटावा आणि विमान माणसाच्या ताब्यात यावे, यासाठी. काही बनावटींत त्याऐवजी घसरणारा क्लच असतो. तत्त्व तेच. कारागिराने सगळा जोड पक्का करायचा आणि एकच जागा ठरवून कच्ची ठेवायची, ती माणसाच्या बाजूने.

जमिनीवरच्या चाचण्या तीन. पहिली दिशेची. ऑटोपायलट लावायचा आणि त्याला उजवीकडे वळायला सांगायचे. स्टिक उजवीकडेच गेली पाहिजे. हास्यास्पद वाटते ना? पण तार उलटी जोडली गेली तर यंत्र कललेल्या विमानाला सरळ करण्याऐवजी आणखी कलवील, आणि आपण बरोबरच करतो आहोत अशा खात्रीने कलवील. दुसरी चाचणी जोराची. यंत्र चालू असताना स्टिक हाताने हव्या त्या दिशेला नेता येते का? माणसाचा हात जिंकलाच पाहिजे. तिसरी चाचणी बंद करण्याची. स्टिकवरचे बटण, फळीवरचा स्विच, आणि शेवटी वीज तोडणारा ब्रेकर. तिन्ही वाटा एकेक करून वापरून पाहायच्या. डोळे मिटूनही हात बटणावर गेला पाहिजे.

यातली एकही चाचणी ऑटोपायलट किती चांगला चालतो ते पाहत नाही. तो परत घेता येतो का, एवढेच पाहते. ते नक्की झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

मग एखादी शांत सकाळ. वारा नाही, ढग नाहीत, सोबत प्रवासी नाही. पुरेशी उंची गाठायची, आजूबाजूला दुसरे विमान नाही हे पाहायचे. आधी यंत्राविना विमान असे बसवायचे की हात काढला तरी ते सरळ चालावे. याला ट्रिम करणे म्हणतात. आडव्या चालणाऱ्या विमानावर यंत्र लावले तर ते त्याचा आडमुठेपणा झाकून ठेवते, आणि यंत्र बंद करताच विमान झटका देते. खोड आधी काढायची, मग मदतनीस नेमायचा.

आता आधी पंखांचा सर्व्हो, एकटाच. बटण दाबायचे. बोटे स्टिकभोवती, पण घट्ट नाहीत. मूठ आवळली तर यंत्र काय करते ते कळणार नाही, बोटे काढून घेतली तर सावरायला उशीर होईल. पतंग उडवणाऱ्याला हे समजेल. ढील देताना मांजा बोटांतून सरकत असतो, पण बोटांतून सुटलेला नसतो.

बहुतेक वेळा पहिल्या दिवशी विमान नीट चालत नाही. यंत्राचा स्वभाव फार तापट ठेवला असेल तर स्टिक थरथरत राहते, जरा कलले की लगेच हिसका. फार थंड ठेवला असेल तर विमान डावीकडे जाऊ लागते, यंत्राला उशिरा जाग येते, ते उजवीकडे आणते, पुन्हा पलीकडे जाते. या दोहोंच्या मधली जागा शोधायची. आकडा एकाने बदलायचा, पाहायचे, वहीत लिहायचे, पुन्हा बदलायचा. पंख जमले की नाक. मग दिशा धरणे, उंची धरणे, नेमून दिलेल्या उंचीला जाऊन थांबणे. मग थोडी खळबळीची हवा. शेवटी नकाशावरच्या रेषेवरून चालणे.

नाकाच्या सर्व्होत दुसरी धास्ती लपलेली असते. ऑटोपायलटला उंची धरायला सांगितली आणि इंजिनाचा जोर कमी झाला, तर ते आज्ञाधारकपणे नाक वर करत राहते. उंची टिकते, वेग उतरत जातो. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांवरून वाहणारी हवा साथ सोडते आणि विमान कोसळू लागते. यंत्राने सांगितलेले काम शेवटच्या क्षणापर्यंत प्रामाणिकपणे केलेले असते. म्हणून उंचावर, सावधपणे, हेही करून पाहतात. यंत्र किती वेगाला इशारा देते आणि किती वेगाला हात टेकते, तो आकडा वहीत जातो. मग उडता उडता ब्रेकर ओढून यंत्राची वीज मुद्दाम तोडतात. स्टिक लगेच मोकळी होते का, विमान झटका देते का, हे पाहतात.

या साऱ्याला कित्येक तास लागतात. कुणाला हा वेळ वाया गेला असे वाटेल. पण कारखान्यातून आलेल्या यंत्राचा मालक आणि या माणसात मोठा फरक पडतो. आपले यंत्र कशाला हो म्हणते, कशाला नाही म्हणते, कोणते काम गुपचूप सोडून देते, हे या माणसाला अंगवळणी पडलेले असते. एव्हरग्लेड्सच्या त्या रात्री नेमके हेच ज्ञान कमी पडले होते.

आपल्याकडे अशी माणसे नाहीत असे समजू नका. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. गच्चीवर आपण पापड वाळत घालतो, पतंग उडवतो. तिथे विमान उभे राहू शकते, हे एका मराठी माणसाने दाखवले. अमेरिकेत अशा माणसाला वाट दाखवणारे नियम आणि हातात ठेवायची चाचणीची पुस्तिका तयार असते. आपल्याकडे ती वाट त्यांना बरीचशी स्वतःच पाडावी लागली.

आता ऑटोपायलट फक्त विमानात राहिलेला नाही. मोटारी स्वतः चालू लागल्या आहेत, पत्रे यंत्र लिहून देते, कवितासुद्धा. आपण काही बाबतींत हात सोडला आहे, काही बाबतींत सोडण्याच्या बेतात आहोत. त्याला माझी हरकत नाही. गॅरेजमधला माणूसही अखेर हात सोडतोच, त्यासाठीच तर त्याने एवढी मेहनत घेतलेली असते. पण तो आधी तीन गोष्टी विचारतो. हे यंत्र सांगितल्या दिशेलाच जाते ना? माझा हात याच्यावर मात करू शकतो ना? आणि हे बंद कसे करायचे, ते मला अंधारातही सापडेल ना? या तीन प्रश्नांना इंजिनिअर असावे लागत नाही. कोणतेही नवे यंत्र घरात आणताना, कचेरीत बसवताना, मुलांच्या हाती देताना ते आपल्यालाही विचारता येतील. उत्तरे मिळेपर्यंत बोटे स्टिकभोवती असू द्यावीत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)